सहा मिनिटांत नऊ करामती

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा सावकाश वाचला. तापातल्या रात्रीवर फिल्म करायची ही कल्पना मला मनापासून आवडली. लहानपणी ताप चढला की तू म्हणायचीस, ‘आई, भिंत जवळ येतेय.’ मी कपाळावरची पट्टी बदलायची आणि ‘काही नाही येत, झोप’ म्हणून वेळ मारून न्यायची. आता ती भिंत तूच मला दाखवणार म्हणतेस, तर बघायला मी उत्सुक आहे. पण आराखड्यात भिंत कुठेच दिसली नाही. दिसली ती यादी: रंगीत द्रव, आरसे, स्लिट-स्कॅन, व्हिडिओ फीडबॅक, स्ट्रोब, सोलरायझेशन (चित्रातले उजळ-गडद भाग अर्धवट उलटणं), फिल्मवरचे ओरखडे, दुहेरी एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर दोन चित्रं), उलटे रंग. सहा मिनिटांत नऊ करामती, म्हणजे एकेकीच्या वाट्याला चाळीस सेकंद. हे कापडवाल्याने गिऱ्हाइकापुढे एकामागून एक ठाणं उलगडत जावं तसं झालं. बघणाऱ्याचे डोळे दिपतील खरे, पण त्याला ताप काही चढणार नाही.

सिनेमातलं मला काय कळतं, असं म्हणशील. कबूल. पण प्रयोगशाळेत जन्म गेला माझा, द्रवांचं मला कळतं. आणि तुला ज्या काळाचा, म्हणजे 1960च्या दशकातल्या सायकेडेलिक (भ्रमासारख्या दिसणाऱ्या) चित्रांचा, नाद लागलाय त्या काळातली निम्मी जादू द्रवांचीच होती.

सॅन फ्रान्सिस्कोत 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सीमोर लॉक्स नावाच्या कलाशिक्षकाने ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेचं भांडं ठेवून त्यातले रंग पडद्यावर खेळवले. वर्गात पारदर्शिका दाखवायचं ते साधं यंत्र. पुढे 1960च्या दशकात हीच युक्ती संगीताच्या कार्यक्रमांत शिरली. लंडनच्या यूएफओ क्लबात मार्क बॉइल आणि जोन हिल्स हे कलाकार, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या संगीतगृहात 1968पासून जोशुआ लाइट शोची मंडळी. वादक पुढे वाजवताहेत आणि मागच्या पडद्यावर रंगांचे बुडबुडे फुगताहेत, फुटताहेत, असं ते दृश्य. यातलं काहीच आधी छापलेलं नसे. हातात भांडी घेऊन माणसं तिथल्या तिथे चित्र घडवत.

भांडी म्हणजे मोठ्या घड्याळांच्या फुगीर काचा. एका काचेत पाणी आणि पाण्यात विरघळणारा रंग, त्यावर तेल आणि तेलात विरघळणारा रंग, आणि वरून दुसरी काच. वरची काच हलकेच दाबली की मधला थर पसरतो, सोडली की आत ओढला जातो. ठेक्यावर दाबत राहिलं की रंग श्वास घेतल्यासारखे हलतात. तुझ्या आराखड्यात ‘तेल + फूड कलर’ एवढंच लिहिलंय. नेहमीचा खाण्याचा रंग तेलात विरघळत नाही, तळाशी ठिपके होऊन बसतो. चॉकलेटमध्ये घालायचे तेलात मिसळणारे रंग मिळतात, ते आण. सुदान जातीचे रंग मात्र आणू नकोस, कुणी कितीही सुंदर दिसतात म्हणून सांगितलं तरी. ते अंगाला लागू देण्यासारखे नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या लक्षात आली नसावी. त्या जुन्या प्रोजेक्टरचे दिवे चांगलेच तापत. त्या उष्णतेने भांड्यातला द्रव आपोआप वर-खाली फिरू लागे, आणि पडद्यावरची निम्मी हालचाल त्यातूनच येई. तू खालून एलईडीचा पांढरा पॅनल लावणार आहेस. तो गार. त्यावर द्रव गपगुमान बसून राहील आणि तुला वाटेल आपलं काहीतरी चुकतंय. तेव्हा हालचाल तुला घडवावी लागेल: काच दाबून, ड्रॉपरने बाजूने थेंब सोडून, पाण्यात ग्लिसरीन घालून त्याला जड करून. पाण्याच्या पातळ थरावर स्पिरिटचा एक थेंब टाकून बघ. तिथला पृष्ठताण एकदम कमी होतो आणि सगळा रंग घाबरल्यासारखा कडेला पळतो. दुधावर रंगाचे थेंब टाकून मध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब सोडला तरी असाच पळ सुटतो. ताप चढतानाची पहिली शिरशिरी मला तरी अशीच दिसते. फक्त स्पिरिट वापरताना जवळपास तापणारा दिवा नको, आणि खिडकी उघडी हवी.

मॅक्रो लेन्सने इतक्या जवळून घेताना फोकस केसाएवढा उरतो. अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ-8, एफ-11पर्यंत बंद कर आणि उजेड वाढव. संथ गतीसाठी सेकंदाला 120 फ्रेम घेणार असशील तर एलईडी आधी त्याच वेगावर तपासून घे. डोळ्यांना स्थिर वाटणारा दिवा कॅमेऱ्यात पट्टे टाकतो.

आता स्लिट-स्कॅन. ‘2001: अ स्पेस ओडिसी’ या सिनेमातल्या (1968) प्रकाशाच्या बोगद्यासाठी स्पेशल इफेक्ट करणाऱ्या डग्लस ट्रम्बलने जे यंत्र उभं केलं, त्यात एका अरुंद फटीमागे चित्र सरकायचं, कॅमेरा शटर उघडं ठेवून फटीकडे जायचा, आणि एवढ्याने फक्त एक फ्रेम तयार व्हायची. फ्रेमला मिनिटभर धरलं तरी पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस मिनिटं. म्हणून त्या काळच्या लोकांनी एकही सेकंद उगाच खर्च केला नाही. तुला संगणकावर ते बसल्या जागी मिळतं. व्हिडिओच्या प्रत्येक आडव्या ओळीला आधीच्या ओळीपेक्षा एक फ्रेम उशिरा दाखवायचं, झालं. पण हिशेब मांडून बघ: 1080 ओळी आणि सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे चित्राचा माथा आणि पायथा यांत 45 सेकंदांचं अंतर. तेच 120 फ्रेमने शूट केलंस तर 9 सेकंद. ही दोन अगदी वेगळी चित्रं आहेत. कुठलं हवं ते शूटिंगच्या आधी ठरवावं लागेल, नंतर टाइमलाइनवर नाही.

आणि यात जे हलत नाही ते जसंच्या तसं राहतं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, मागे भिंत, पुढे पट्टी बदलणारा हात. भिंत सरळ उभी राहील आणि हात मात्र वितळत, लांबत, वळत जाईल. भिंत जवळ आणायची असेल तर कॅमेरा हलवावा लागेल, मग तीही वाकेल. तापात वेळ ताणला जातो ना? ‘आत्ताच तर बसली होतीस’ म्हणायचीस, आणि मी अर्धी रात्र उशाशी असायची. ते दाखवायला मला याच्याइतकं नेमकं दुसरं तंत्र दिसत नाही. तुझ्या आराखड्यात ते चौथ्या मिनिटात आरशांनंतर घाईघाईने उरकलंय. मी असते तर सगळी फिल्म त्याच्याभोवती बांधली असती.

व्हिडिओ फीडबॅकही ठेव. कॅमेऱ्याने स्वतःच्याच मॉनिटरकडे बघायचं आणि प्रतिमेत प्रतिमा गुंतत जायची, हा प्रकार ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या 1963च्या शीर्षकांतही वापरला होता. तापातला एकच विचार डोक्यात फिरफिर फिरतो, त्याला हे शोभेल. ऑटोफोकस आणि ऑटो एक्स्पोजर बंद कर, नाहीतर कॅमेरा स्वतःच शहाणपणा करून सगळं सपाट करून टाकेल.

आरसे काढ. सोलरायझेशन काढ, उलटे रंगही काढ. ते एका बटणाने होतं आणि एका बटणाने झालंय हे दिसतंही. ओरखड्यांचा हट्ट असेल तर खऱ्या 16 मिलिमीटर फिल्मवर सुईने ओढ. एका फुटात 40 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 36 फूट. ते खरडून झालं की फिल्ममध्ये किती ओरखडे हवेत याचं उत्तर तुझं तुलाच मिळेल.

स्ट्रोबबद्दल मात्र मी चर्चा करणार नाही. तो नकोच. टोनी कॉनरॅड या अमेरिकन कलाकाराने 1966मध्ये काळ्या-पांढऱ्या फ्रेमच्या लखलखाटावर अख्खी फिल्म केली, तीही सुरुवातीला अपस्माराचा (फिट येण्याचा) इशारा देऊन. पण जपानमध्ये 16 डिसेंबर 1997ला एका कार्टून मालिकेत काही सेकंद लाल-निळा प्रकाश भराभर चमकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यातल्या कितीतरी जणांना आपल्याला असा त्रास होऊ शकतो हे माहीतही नव्हतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलख नको, आणि भडक लाल तर नकोच. हा नियम द्रवांच्या दृश्यांनाही लागू, कारण एडिटिंगमध्ये भराभर कट मारलेस की तोच प्रकार होतो.

आईने विचारायचा प्रश्नही विचारून टाकते. त्या काळाचं नाव निघालं की एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाचं निघतंच. कॅलिफोर्नियातही ते ऑक्टोबर 1966पर्यंत कायद्याने चालत होतं आणि अनेकांनी घेतलं, हे मी लपवत नाही. पण जॉन व्हिटनी या अमेरिकन फिल्मकाराने महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांची जुनी गणनयंत्रं घेऊन त्यांवर फिरती चित्रं काढली, आणि ट्रम्बलचं यंत्र तर वर सांगितलंच. असली कामं थरथरत्या हाताने होत नाहीत. तुझ्या डोक्यातला ताप पुरेसा आहे. बाहेरून काही आणायची गरज नाही.

आराखडा पुन्हा लिहिशील तेव्हा करामतींची नावं बाजूला ठेव आणि मिनिटागणिक अंगातला ताप लिही: इथे 99, इथे 101, इथे 103, इथे घाम फुटला. मग प्रत्येक आकड्याला कुठलं तंत्र लागतं ते बघ. दोन-तीनच लागतील. मध्ये एखादं संपूर्ण साधं दृश्य हवं: पाण्याचा पेला, थर्मामीटर, उशीची घडी. डोळ्यांना टेकायला जागा मिळाली तरच पुढची उसळी जाणवते. आवाजही सतत ठेक्यावर बसवू नकोस. रंग आणि संगीत कायम एकत्रच उडायला लागले की तिसऱ्या उडीलाच पुढची कळते.

चाचणीचं शूटिंग मुख्य शूटिंगच्या बरंच आधी ठेव आणि प्रत्येक मिश्रणाची नोंद कर: कुठला रंग, किती थेंब, कुठलं तेल, खोली गार की गरम. चांगला बुडबुडा योगायोगाने मिळतो, पण तो पुन्हा हवा असेल तर वही लागते. चाचणीतला एक तुकडा इंटरनेटवर चढवूनही बघ. इतका बारीक हलणारा रंग तिथे दाबला गेला की चौकोन-चौकोन होतात, आणि ते शेवटच्या दिवशी कळलं तर रडशील.

माझ्याकडे जुन्या वॉच ग्लास (प्रयोगशाळेतल्या फुगीर काचा) आहेत, मोठ्या आणि एकावर एक बसणाऱ्या. धुऊन ठेवते. हातमोजे आणि ड्रॉपर तू आण. चाचणी कधी ठेवतेस ते कळव. द्रवांच्या दिवशी मी येणार आहे, आणि पट्टी बदलणारा हात कुणाचा घ्यायचा हे अजून ठरलं नसेल तर तेही बोलू.

तुझी,
आई