कोराडीच्या राखेचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हापासून चर्चा मुख्यतः धुराड्यांभोवती फिरत आहे. धुराचा प्रश्न गंभीर आहेच. परंतु महानिर्मितीला, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला, कोराडी आणि खापरखेडा या वीज केंद्रांच्या परिसराची हानी लवकर कमी करायची असेल, तर तिने सुरुवात राखेपासून करावी.

आपल्याकडील कोळशात साधारणपणे 30 ते 40 टक्के राख असते. म्हणजे दहा वाघिणी कोळसा जळला की तीन-चार वाघिणी राख मागे उरते. ही राख पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडण्याची जुनी पद्धत सोयीची वाटते, पण तीत पाणी वाया जाते, जमीन अडकते आणि सगळी भिस्त मातीच्या बांधावर राहते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांतून कोलार नदीत व पुढे कन्हानमध्ये गेले. कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा स्रोत आहे, हे वेगळे सांगायला नको.

वास्तविक धुरातून वेगळी होणारी बारीक राख संचापाशीच कोरडी गोळा करता येते. सिमेंट कारखान्यांना आणि विटांच्या उद्योगांना तीच हवी असते. ओल्या, तलावातल्या राखेला तितके गिऱ्हाईक नाही. त्यामुळे सायलोंची (कोरडी राख साठवण्याच्या टाक्यांची) क्षमता वाढवणे, राख बंद टँकरनेच हलवणे (ताडपत्री टाकलेल्या ट्रकमागून जाणाऱ्या दुचाकीस्वारांना याचे कारण विचारावे) आणि उरलेली राख तपासणी करून, भूजल सांभाळून बंद खाणींत भरणे, ही कामे नव्या संचांच्या आधी व्हायला हवीत. शंभर टक्के राखेचा वापर 31 डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने बंधनकारकच केला असून, स्थिर करून हरितपट्टा वगैरे केलेले तलाव सोडल्यास, साठलेल्या जुन्या राखेलाही तो लागू आहे.

हे महानिर्मितीच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मुळीच नाही. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले नागपूरचे सांडपाणी याच केंद्रांकडे वळवण्याची योजना तिने महापालिकेसोबत राबवली, आणि त्यामुळे दररोज सुमारे 130 दशलक्ष लिटर पाण्यासाठी धरणाकडे पाहण्याची गरज उरली नाही. जी चिकाटी पाण्याच्या बाबतीत दाखवली, ती राखेच्या बाबतीत का दिसू नये?

रोज किती राख निघाली, किती उचलली गेली आणि किती तलावात गेली, याचा फलक प्रवेशद्वाराशी मराठीत लावावा; तसेच बांधांच्या मान्सूनपूर्व तपासणीचा अहवाल दरवर्षी मे अखेरपर्यंत खसाळा, वारेगाव आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना लेखी द्यावा, एवढी तरी मागणी ऊर्जा विभागाने या पावसाळ्यापूर्वी मान्य करावी.

आपला,
एक वाचक, कामठी (जि. नागपूर)