पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नंबराने नको, आठवड्याने द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोनोग्राफी म्हटली की वर्तमानपत्रांत बातमी येते ती गर्भलिंगनिदानाची. कुठे मशीन सील झाले, कुठे डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. त्या बातम्या यायलाच हव्यात. या प्रकाराविरुद्ध देशात सर्वांत आधी, 1988 साली, कायदा केला तो आपल्याच राज्याने. पण पोटातल्या बाळात काही व्यंग आहे का, हे त्याच मशीनवर वेळेत पाहता येते आणि त्याला कायद्याची पूर्ण परवानगी आहे, याबद्दल क्वचितच कुणी लिहिते. पुण्यातल्या प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले, म्हणून हा खटाटोप.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींची सून चौथा महिना सरताना एका सार्वजनिक रुग्णालयात गेली. पाळीच्या तारखेवरून सतरावा आठवडा चालू होता. सोनोग्राफीसाठी तिला तारीख मिळाली ती तेविसाव्या आठवड्यातली. कुणी उर्मटपणा केला नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. खिडकीवर एकच वही होती. मुतखड्याचा रुग्ण, पोटदुखीचे आजोबा, नववा महिना भरलेली बाई आणि ही, सगळ्यांची नावे त्यात आली तशी एकाखाली एक. तपासणी झाली तेव्हा बाळाचा मणका उघडा असल्याचे दिसले, डोक्यातही पाणी साठू लागले होते. मग दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला मोठ्या रुग्णालयात पाठवणी, तिथला केसपेपर, तिथला नंबर. यात चोवीस आठवडे उलटले.

2021 साली गर्भपाताचा कायदा बदलला. बाळात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते, त्यानंतर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. मंडळाने तीन दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. 2008 मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांना बाळाच्या हृदयात दोष आढळल्यावर गर्भपाताच्या परवानगीसाठी उच्च न्यायालयात जावे लागले होते आणि तिथेही परवानगी मिळाली नव्हती, त्या मानाने आजची स्थिती पुष्कळ बरी. पण टेम्पो चालवणारा नवरा आणि घरकाम करणारी सासू यांना ‘मंडळ’ हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. पुढे काय करायचे हा त्या नवराबायकोचा निर्णय, त्यावर मला काही बोलायचे नाही. विचार करायला त्यांना जे चार आठवडे मिळायला हवे होते ते त्या वहीने खाल्ले, हे माझे गाऱ्हाणे आहे.

ही तपासणी, जिला सगळे अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतात, साधारण अठरा ते वीस आठवड्यांत करतात ती उगीच नाही. त्याआधी हृदय इतके लहान असते की चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या नीट मोजूनमापून पाहता येत नाहीत. फार उशीर झाला तर हाडे घट्ट होऊन त्यांच्या सावल्या पडतात, बाळालाही वळायला जागा कमी उरते. मणका उघडा असेल तर कवटी पुढून लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला. सरावलेल्या डॉक्टरांना हे याच आठवड्यांत ओळखता येते. मेंदूवर कवटीच तयार न होण्यासारखे दोष तर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी होणाऱ्या सोनोग्राफीत, म्हणजे एनटी स्कॅनमध्येच, दिसू शकतात. पण आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही, ही रीत! नोंदणीच चौथ्या महिन्यात होते. वर पाळीची तारीख ‘होळीच्या आसपास’ अशी सांगितली जाते, आणि सुरुवातीची सोनोग्राफी नसली की आठवड्यांचा हिशेबच चुकतो.

व्यंग सापडले म्हणजे गर्भपातच, असेही नाही. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळतो. (ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, असे सुनेला सुनावणाऱ्या सासवा मी पुण्यातच पाहिल्या आहेत, त्याही शिकलेल्या.) वाकडे पाऊल जन्मानंतर लवकर प्लास्टर घालायला सुरुवात केली की बहुतेक वेळा सरळ होते. हृदयाच्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर ते आधी कळणे म्हणजे बाळाचा जीव. अशी प्रसूती मुलांच्या हृदयाचे उपचार होतात तिथेच ठरवता येते. भोर किंवा वेल्ह्यात जन्मलेले निळे पडणारे बाळ घेऊन रात्री पुण्याकडे धावण्यात जे तास जातात, ते वाचतात.

सगळेच दिसते असे मात्र नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल होता, मग बाळाच्या हृदयाला भोक कसे?’ म्हणून नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर जातात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली वाट पोटातल्या प्रत्येक बाळात उघडीच असते. ती जन्मानंतर बंद होणार की नाही, हे आधी सांगता येत नाही. डाऊन सिंड्रोम हा गुणसूत्रांतला दोषही नुसत्या चित्रावरून खात्रीने कळत नाही. डबल मार्करसारख्या रक्ताच्या तपासण्यांतून त्याची शक्यता किती तेवढे कळते, खात्रीसाठी गर्भजलासारखी तपासणी लागते. हे तपासणीआधी मराठीत दोन मिनिटे समजावून सांगितले तर निम्मी भांडणे होणारच नाहीत.

यासाठी नवे मशीन घ्या, असे मी म्हणत नाही. मिळाले तर उत्तमच. नोंदणीच्या दिवशीच केसपेपरवर अठरावा आणि विसावा आठवडा कोणत्या तारखेला पूर्ण होतो ते लाल शाईने लिहावे. सोनोग्राफी विभागात या तपासणीसाठी वेगळी वही ठेवावी आणि रोजच्या काही जागा तिच्यासाठी राखाव्यात. त्या दोन तारखांच्या आत जागा नसेल, तर त्याच दिवशी दुसऱ्या सार्वजनिक रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाला एवढे एका परिपत्रकाने करता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, धायरी, पुणे