आमदार सभागृहात काय बोलले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत आमदारांचा राजकीय प्रवास छापून येतो. जन्मगाव, सरपंचपद, जिल्हा परिषद, कारखान्याचं चेअरमनपद, मग तिकीट कसं मिळालं, किती मतांनी आले, कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात गेले. सगळं असतं. साहेब विधानसभेत काय बोलले, याची एक ओळ सापडत नाही. १९९६ मध्ये विलासराव देशमुख विधान परिषदेला पसंतीक्रमाच्या मतमोजणीत अर्ध्या मतानं पडले, हे मराठवाड्यात अजून चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. त्यांचं विधानसभेतलं एखादं भाषण सांगा म्हटलं तर कुणाला आठवत नाही.

आमच्या कंधारचे भाई केशवराव धोंडगे कधी मंत्री झाले नाहीत. निजामाविरुद्ध लढलेला माणूस, १९५७ मध्ये शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) पहिल्यांदा विधानसभेत गेला. १९७७ मध्ये खासदार झाले, पुढं पुन्हा आमदार. सत्ता नाही, लाल दिवा नाही, तरी भाई उभे राहिले की मंत्री सावरून बसायचे, असं जुनी मंडळी सांगतात. (गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवणारा आमदार दुसरा कुणी असेल तर कळवा!) १ जानेवारी २०२३ ला ते गेले, तेव्हा बातम्यांत त्यांचं वय होतं, पदं होती, पण त्यांनी उठवलेले प्रश्न कुठं फारसे दिसले नाहीत. गोपीनाथराव मुंडे १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले, पण महाराष्ट्राला ते कळले विरोधी पक्षनेते म्हणून, त्याच सभागृहात.

आता आमदारकी म्हणजे आमदार निधी, असंच होऊन बसलंय. वर्षाला पाच कोटी. आमच्या फाट्यावर त्यातून प्रवासी निवारा झाला. गावाच्या नावापेक्षा साहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, आणि बसायला कट्टा मात्र नाही. कामं व्हावीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण निवारा ग्रामपंचायतही बांधू शकते. मागास भागाच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्याचा जाब मंत्र्याला ग्रामपंचायत विचारू शकत नाही. ते काम आमदाराचंच.

तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं त्यांची, छापील यादी एकदा वाचून पाहा. "हे खरे आहे काय?" "अंशतः खरे आहे." "प्रश्न उद्भवत नाही." या तीन वाक्यांत पीकविम्यापासून शाळाखोल्यांपर्यंत सगळं गुंडाळलेलं असतं. त्यावर उपप्रश्न विचारून मंत्र्याला कोंडीत पकडायचं, तर आधी अभ्यास लागतो. तो कोण करतं आणि कोण नुसती हजेरी लावून विमानतळ गाठतं, हे आम्हाला मतदानाआधी कळायला हवं.

म्हणून विनंती अशी. दर अधिवेशन संपलं की मराठवाड्यातल्या ४६ आमदारांचे प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणाऱ्या) आणि भाषणं यांचा हिशेब पानभर छापा. कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतं. एवढा व्याप नको वाटला तर नांदेड जिल्ह्यातल्या नऊ जणांपासून सुरुवात करा. ज्याच्या नावापुढं काहीच नसेल, त्याची जागा कोरी सोडा. वाढदिवसाच्या जाहिरातीही तुमच्याकडंच येतात, हे ठाऊक आहे. पण त्या पहिल्या पानावर, आणि हे पाचव्या पानावर, एवढं तर जमेल?

आपला,
एक निवृत्त शिक्षक
कंधार, जि. नांदेड