हत्तीरोग पाय सुजण्याआधी ओळखायला हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हत्तीरोगाविषयी काहीही छापून आले की त्यासोबत बहुधा एका प्रचंड सुजलेल्या पायाचे छायाचित्र असते. त्यामुळे हा रोग म्हणजे तसा पाय, आणि आपला पाय तसा नाही म्हणजे आपल्याला रोग नाही, अशी समजूत वाचकाच्या मनात घट्ट बसते. वस्तुतः ती रोगाची फार उशिराची अवस्था आहे. तिच्याआधीची लक्षणे लोकांना ठाऊक व्हावीत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डासाच्या चाव्याच्या जागेतून शिरलेल्या अळ्यांपासून हा रोग होतो. त्यांचे दोऱ्यासारखे बारीक कृमी बनतात, ते लसीकावाहिन्यांत (शरीरातील लसीका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) सहा ते आठ वर्षे जगतात आणि त्या काळात लाखो सूक्ष्म अळ्या रक्तात सोडत राहतात. एखाद्या चाव्याने सहसा रोग जडत नाही, महिनोन्‌महिने वारंवार डास चावावे लागतात. लागण पुष्कळदा लहानपणीच होते आणि बराच काळ वरवर काहीही दिसत नाही, मात्र आतल्या वाहिन्या तोवर निकामी होत असतात.

पहिली खूण बहुधा तापाची असते. अचानक थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येते किंवा काखेत दुखरी गाठ उठते आणि त्या गाठीपासून खाली पायाकडे किंवा हाताकडे एक लाल, दुखरी रेघ उतरत जाते. जखम चिघळल्यामुळे उठणारी रेघ जखमेकडून वर गाठीकडे चढते, ही मात्र गाठीकडून खाली येते. हा फरक घरच्या माणसांनाही डोळ्यांनी दिसू शकतो. चार-सहा दिवसांत ताप उतरतो, गाठ बसते, आणि सारे विसरले जाते. काही महिन्यांनी तोच प्रकार त्याच बाजूला पुन्हा झाला, तर मात्र तो साधा ताप समजून सोडून देऊ नये. पुरुषांमध्ये अंडवृद्धी हे या रोगाचे फार नेहमीचे लक्षण आहे, पण संकोचापोटी ते वर्षानुवर्षे लपवले जाते. शस्त्रक्रियेने ती बरी होऊ शकते, म्हणून हे लपवणे विशेष खटकते. क्वचित लघवी दुधासारखी पांढरी होते, तर काहींना रात्री कोरडा खोकला आणि धाप लागते आणि तो दमा समजून उपचार चालू राहतात.

सूजही एकदम कायमची होत नाही. सुरुवातीला संध्याकाळी घोटा जड वाटतो, नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि रात्रभर पाय उंचावर ठेवून झोपल्यावर सकाळी सूज ओसरलेली असते. सकाळी पाय ठीक दिसतो म्हणून दवाखान्यात जाणे टळते, आणि नेमका हाच काळ मोलाचा असतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात सूज बहुधा दोन्ही पायांवर सारखी येते. इथे ती एकाच पायावर किंवा एकावर जास्त असते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत उचलता येत नसेल, तर ती सूज लसीकावाहिन्यांमुळे असण्याची शक्यता मोठी.

तपासणीबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. या कृमीच्या अळ्या रक्तात प्रामुख्याने रात्री फिरतात, आणि रक्तनमुने साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घेतात ते यासाठीच. अपरात्री दार वाजवणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर लोक चिडतात, पण दिवसा घेतलेल्या नमुन्यात अळ्या न दिसणे म्हणजे रोग नाही असे नव्हे. आता बोटातील थेंबभर रक्तावर दिवसाही करता येणारी प्रतिजन तपासणी, म्हणजे कृमीने रक्तात सोडलेल्या द्रव्याचा माग काढणारी चाचणी आहे. ती जवळ होते का, हे डॉक्टरांना विचारावे.

हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी देतात त्या गोळ्या घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी किंवा चक्कर येते आणि त्या बाधल्याची हाकाटी होते. बहुतेक वेळा तो त्रास रक्तातल्या अळ्या मरत असल्याचा असतो आणि एक-दोन दिवसांत थांबतो. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील बालके आणि गंभीर आजारी माणसे यांना या गोळ्या देत नाहीत. इतरांनी त्या कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात.

ज्यांचा पाय आधीच सुजलेला आहे, त्यांच्यासाठी महत्त्वाचे लक्षण म्हणजे सुजलेल्या भागाचा अचानक वाढलेला दाह आणि सोबत ताप. तो बहुधा बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांतून किंवा कातडीच्या भेगांतून शिरलेल्या जंतूंमुळे येतो, आणि अशा प्रत्येक दाहानंतर सूज वाढत जाते. रोज साबणाने पाय धुऊन बेचके कोरडे पुसावेत आणि चिखल्यांवर मलम लावावे. दाह उठलाच, तर शेक न देता थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपली विश्वासू,
एक वाचक