पिल्लू आणण्याआधी

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मित्राकडच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला पिल्ले झाली असून त्यांतले एक ते आपल्याला देणार आहेत, असे तुम्ही परवा फोनवर सांगितलेत. छोटीने त्याचे नावही ठरवले आहे, हे दादाकडून कळले. तुम्ही माझे मत विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

त्या साऱ्या बोलण्यात आईचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. नंतर मी तिला वेगळा फोन केला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आणायचं तर आणू द्या." आई, तुझ्या या 'आणू द्या'चा अर्थ मला कळतो. मोती गेला तेव्हा मी सातवीत होते. त्याला रक्ताचे जुलाब लागले, ऊन बाधले असे समजून आपण त्याला ताक पाजत राहिलो आणि चौथ्या दिवशी तो ओसरीवरच गेला. तो पार्वो हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार असावा आणि वेळेवर लस दिली असती तर बहुधा वाचला असता, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून फार उशिरा कळले. त्या चार रात्री ओसरी धुणारी आणि त्याच्या तोंडाला पाण्याचा बोळा लावणारी तू एकटी होतीस.

बाबा, निवृत्तीनंतर तुम्हाला सोबत हवीशी वाटते, हे मला मनापासून पटते. पण दादा-वहिनी कामावर आणि छोटी शाळेत गेल्यावर घरी तुम्ही दोघेच उरता, आणि पिल्लाचे रात्री उठणे, पुसणे, भरवणे हे सवयीने आईच्याच वाट्याला जाईल. तिचे गुडघे आता ते सोसणार नाहीत. हे काम तुम्ही आणि दादाने आधी वाटून घ्यावे आणि आईने स्वतः हो म्हणावे, तरच पुढे जावे.

लॅब्रॅडॉर मात्र नकोच. तो मूळचा थंड मुलखातला, दाट दुहेरी केसांचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि लातुरात पारा 40 च्या वर गेलेला असताना दुपारी वीज जाते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर आपण दिवस काढले आहेत. शिवाय 30 किलोचा कुत्रा साखळीला हिसका देऊन आईला सहज पाडू शकतो. आपल्या हवेला गावठी पिल्लूच बरे.

तेही पावसाळा लागल्यावर आणावे आणि 8 आठवडे त्याच्या स्वतःच्या आईपाशी राहिलेले असावे. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून 16 आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्याव्या लागतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत त्याला गल्लीत सोडू नये. रस्सा-भाकरी तर मुळीच घालू नये, कारण कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा असतो. लसींचा खर्च मी करीन आणि पहिले दहा दिवस रजा घेऊन घरी राहीन.

आई, तू नको म्हणालीस तर बाबांच्या मित्रांना मीच कळवीन आणि छोटीची समजूतही मीच काढीन. या पत्राचे उत्तर मात्र तुझ्या हातचे यावे.

तुमची लेक