गाडी मेली, जाहिरात जिवंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या तिठ्यावर एक जुना टाटा चारशेसात टेम्पो उभा आहे. उभा म्हणजे काय, बसलाय, चारी टायर जमिनीला टेकलेत, केबिनची काच फुटलीय, ड्रायव्हरच्या सीटमधून घाणेरीचं झुडूप बाहेर आलंय आणि नंबरप्लेट कोणीतरी स्क्रू काढून नेलीय. पण हौद्यावर लोखंडी फ्रेम वेल्डिंग केलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स, नवा कोरा, स्विमिंग पूलवाल्या व्हिलाचा. गेल्या चतुर्थीच्या आधीपासून हे असंच आहे. टेम्पो एक इंचसुद्धा हललेला नाही, फ्लेक्स मात्र तीनदा बदलला. वर सोलरचा दिवा लावलाय. आमच्या तिठ्यावरचा खांबाचा दिवा दोन महिने बंद होता तेव्हा त्या व्हिलाच्या उजेडात आम्ही रस्ता क्रॉस केला, हेही खरं सांगायला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल एवढी काय ती गोष्ट, भंगार गाड्या गोव्यात कुठे नाहीत. बरोबर आहे, पोलीस स्टेशनांच्या बाहेर जप्त केलेल्या गाड्या गंजत पडलेल्या असतात त्या आपण रोज बघतो. पण ही जागा कुठली बघा. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत सांगे-केपेकडच्या बायका माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन बसतात ती हीच कड, कांगलां, माट्टुळ्यो, आंबाडे, सुपारीचे घोस असं सगळं पसरून. गेल्या चतुर्थीला त्या टेम्पोमुळे त्यांना पुढे सरकून अगदी वळणाच्या तोंडावर बसावं लागलं, एका बाईच्या टोपलीला स्कूटर घासून गेली. तिच्याकडून दिवसाच्या सोपोची, म्हणजे बाजारकराची, पावती मात्र फाडली. टेम्पोची पावती कोण फाडणार?

हाच प्रश्न घेऊन मी फिरलो. पंचाला विचारलं तर तो म्हणतो, "रस्तो आमचो न्हय." रस्ता सांभाळणाऱ्या ऑफिसात गेलो तर रस्ता आमचा पण गाडी आमची नाही, गाडीचं पोलिसांना विचारा. ट्रॅफिकच्या एका हवालदाराला गाठलं, माणूस सज्जन, तो म्हणाला जाहिरातीचा बोर्ड आहे ना, परवानगी पंचायत देते, त्यांना विचारा. परत पंचायतीत. तिथे सेक्रेटरी म्हणाले की बोर्ड जमिनीत रोवलेला असता तर नोटीस काढली असती, हा चाकांवर आहे. आणि शेवटी आपला ठरलेला शब्द, "पळोवया", म्हणजे बघूया.

म्हणजे गंमत बघा, गाडीवाले म्हणतात हा बोर्ड आहे, बोर्डवाले म्हणतात ही गाडी आहे. ज्याने कोणी ही आयडिया काढली त्याला हे पक्कं माहीत असणार. नुसतं भंगार असतं तर एव्हाना भंगारवाल्यानेच रात्रीत उचलून नेलं असतं. जाहिरात लागली की ते "कोणाचं तरी" होतं, मग कोणी हात लावत नाही.

सगळ्यांचं आणखी एक म्हणणं, मालक सापडत नाही. अहो, मालक सापडत नाही म्हणता आणि टेम्पोवर एक-एक फूट उंचीच्या आकड्यात मोबाईल नंबर लिहिलाय! मी लावला फोन. एका मुलीने फार गोड आवाजात उचलला, मी म्हटलं तुमचा टेम्पो आमच्या तिठ्यावरून कधी काढताय, तर तिने मला विचारलं, सर टू बीएचके बघताय की थ्री? दुसऱ्या कोणाला जोडून दिलं, तो म्हणाला बोर्डाचं काम एजन्सीला दिलंय, टेम्पो कोणाचा ते आम्हाला ठाऊक नाही. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मला व्हिलाचे फोन येतात. पेन्शनर माणूस मी, मला कसला व्हिला.

कायदा नाही असं अजिबात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १२७ वाचा. सार्वजनिक जागेवर दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलायचा हुकूम वर्दीतला पोलीस अधिकारी देऊ शकतो आणि उचलून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी. दहा तास हो, दहा महिने नव्हे. रहदारीला अडथळा केला तर कलम २०१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे तो वेगळाच. आणि मालकाचं म्हणाल तर नंबरप्लेट नेली तरी चेसिसवर नंबर ठोकलेला असतो, तो खरवडून बघायला किती वेळ लागतो? त्यात कदाचित एखाद्या गरीब माणसाचं नाव निघेल ज्याने टेम्पो कधीचा विकून टाकला आणि कागद नावावर करून द्यायचा राहिला. वाचकांनाही सांगतो, जुनी गाडी तशीच तोंडी देऊन मोकळे होऊ नका, अपघाताच्या भरपाईत नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय.

पण मला विचाराल तर टेम्पोच्या मालकामागे धावण्यात अर्थ कमी. ज्याची जाहिरात त्याच्याकडून वसूल करा, फायदा त्याचा होतोय आणि पत्ता त्यानेच रंगवून ठेवलाय. बाहेरच्या शहरांनी हे प्रकरण कधीचं ओळखलंय. न्यूयॉर्कमध्ये नुसत्या जाहिरातीसाठी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती, आपल्या मालाच्या गाडीवर आपलं नाव चालेल पण दुसऱ्याची जाहिरात भाड्याने नाही. एक पार्सल कंपनी त्यावर थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली आणि १९४९ मध्ये हरली. इंग्लंडच्या २००७ च्या नियमांत तर आमचा टेम्पोच डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखं वाक्य आहे, गाडीवरच्या जाहिरातीला परवानगीतून सूट आहे पण ती गाडी एरवी फिरणारी हवी, मुख्य वापर जाहिरात दाखवण्याचाच असेल तर सूट गेली. एवढंच वाक्य आपल्याकडे कोणी लिहिलं तरी पुरे. मासेवाल्या नुस्तेकाराच्या टेम्पोवर त्याचं नाव असतं, असू दे, आपल्या सरकारी कदंबच्या बसवर जाहिराती असतात, बस धावते आणि पैसे महामंडळाला मिळतात, त्यालाही कोणाची हरकत नाही.

आणि आपल्या लोकांना जमत नाही असंही नाही हं. निवडणूक जाहीर झाली की सार्वजनिक जागेवरचे पक्षांचे बोर्ड ४८ तासांत काढायचे असतात आणि ते निघतात, रात्री अकरा वाजता शिडी घेऊन फिरणारी माणसं मी स्वतः बघितलीत. तेव्हा रस्ता कोणाचा हे कोणी विचारत नाही.

पावसात ती फ्रेम वाऱ्याने करकरते. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ते १२० बाय १२० फुटांचं अवाढव्य धूड होतं, आमचं त्यापुढे खेळणं आहे, मान्य. पण हे खेळणं गंजलेल्या हौद्यावर उभं आहे आणि त्याखाली शाळेची मुलं बसची वाट बघत थांबतात. हौद्यात साचलेल्या पाण्यात डास किती आहेत ते सांगत नाही, डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी पिंपं तपासायला येणाऱ्या मुलींनी एकदा तिथेही वाकून बघावं.

संपादकसाहेब, तुमच्या पेपरात श्रद्धांजलीची दोन बोटांची जाहिरात द्यायची झाली तरी पैसे मोजावे लागतात, मी गेल्याच महिन्यात मोजले. सोबत टेम्पोचा फोटो पाठवतोय. छापणार असाल तर तेवढा फोन नंबर पुसून छापा, नाहीतर इतके महिने रस्त्यावर फुकट जाहिरात झाली ती कमी म्हणून आता पेपरातही फुकट व्हायची.

आपला,
एक वाचक,
फोंडा तालुका