त्याला सूर्याजी पिसाळ म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शीतयुद्धातील हेरांवर लेख आला होता. त्यात निकोलाय खोखलोव या सोव्हिएत गुप्तपोलीस अधिकाऱ्यावर जेमतेम दोन परिच्छेद होते. लेखकाने त्याला ‘रशियाचा सूर्याजी पिसाळ’ म्हटले आहे आणि पुढे ‘बायको-मुलाला वाऱ्यावर सोडून तो पळाला’ असे लिहिले आहे. हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

मी वाईची. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सूर्याजी पिसाळ हे नाव आमच्या भागात कसे उच्चारले जाते, ते मला कोणी सांगायला नको. वाईच्या देशमुखीसाठी त्याने रायगडाचा दरवाजा मोगलांना उघडून दिला, ही गोष्ट आमच्याकडे पोर बोलायला लागले की त्याच्या कानावर पडते. (त्या गोष्टीत खरे किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते इथे बाजूला ठेवते.) वतनासाठी आपल्या माणसांशी फितूर झालेला माणूस, एवढाच त्या नावाचा अर्थ आता उरला आहे. खोखलोवच्या गोष्टीतही एक दरवाजा आहे. पण त्या दारात तो ज्या कामासाठी उभा राहिला, ते कळल्यावर कोणी त्याला हे नाव देईल असे मला वाटत नाही.

हा माणूस १९२२ साली निझ्नी नोव्हगोरोदमध्ये जन्मला. तरुणपणी तो रंगमंचावर शीळ वाजवण्याचे कार्यक्रम करत असे. १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा गुप्तपोलिसांनी त्याला उचलले. शहर पडलेच, तर कलावंतांच्या वेशात मागे राहायचे आणि जर्मन अधिकाऱ्यांसमोर कार्यक्रम करता करता त्यांच्यावर हल्ला करायचा, असा बेत होता. मॉस्को पडले नाही आणि तो बेत तसाच राहिला. पुढे १९४३ मध्ये त्याला जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशात मिन्स्कला पाठवले. तिथला नाझी प्रशासक विल्हेल्म कुबे याच्या घरी काम करणाऱ्या येलेना माझानिकने त्याच्या बिछान्यात सुरुंग ठेवला आणि २२ सप्टेंबरच्या रात्री कुबे मेला. त्या कटातल्या माणसांत खोखलोव होता. सोव्हिएत राज्याच्या लेखी तो वीर होता, आणि नाझींविरुद्धच्या त्या कामाबद्दल मीही त्याला दोष देणार नाही.

मग युद्ध संपले, पण खाते संपले नाही. त्याने काही वर्षे रुमानियात खोट्या नावाने, पोलिश माणूस म्हणून काढली. शत्रूच्या मुलखात घुसून माणसे मारणाऱ्या विभागाचा प्रमुख पावेल सुदोप्लातोव हा त्याचा वरिष्ठ. १९५३ च्या मार्चमध्ये स्तालिन गेला, जूनमध्ये गुप्तपोलिसांचा सर्वेसर्वा बेरिया याला अटक झाली, ऑगस्टमध्ये सुदोप्लातोवही तुरुंगात गेला. वरची माणसे बदलली, याद्या मात्र तशाच राहिल्या. त्या शरद ऋतूत खोखलोवच्या हाती नवी कामगिरी आली. पश्चिम जर्मनीत फ्रँकफुर्टला राहणारा गिऑर्गी ओकोलोविच, रशियन स्थलांतरितांच्या सोव्हिएतविरोधी संघटनेचा एक पुढारी, याला संपवायचे. प्रत्यक्ष गोळी झाडण्यासाठी दोन जर्मन हस्तक तयार केले होते आणि खोखलोव त्यांचा म्होरक्या. हत्यार सिगारेटच्या पाकिटात लपवलेले होते. विजेवर चालणारे, आवाज न करणारे, विषारी गोळी झाडणारे. पाकीट पुढे करायचे आणि समोरच्याला वाटावे, हा सिगारेट देतोय.

इथे यानिना येते. आपल्या लेखात तिचे नाव नाही.

यानिना ही खोखलोवची बायको. श्रद्धाळू ख्रिस्ती घरातली आणि धर्म उघडपणे पाळणे अवघड असलेल्या देशात मनात देव जपलेली. मुलगा अजून मांडीवरचा. कामगिरी काय आहे ते खोखलोवने तिला सांगितले. गुप्तपोलिसाने बायकोला असले काही सांगणे हाच गुन्हा होता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनात तिचे उत्तर आहे. हा माणूस मेला तर तू खुनी ठरशील आणि खुन्याची बायको म्हणून मला राहता येणार नाही, असे ती त्याला म्हणाली. प्रत्यक्ष गोळी तू झाडणार नाहीस, हुकूम वरून आला आहे, असली पळवाट तिने त्याला ठेवली नाही.

माझे वडील पोलीस हवालदार होते. एका तालुक्याच्या गावी असताना त्यांच्यावर खोट्या पंचनाम्यावर सही करण्याचा दाब आला होता. ताट वाढता वाढता आई एवढेच म्हणाली, “त्या माणसाच्या घरीही आत्ता कोणीतरी जेवायला बसलं असेल.” वडिलांनी सही केली नाही आणि सहा महिन्यांत आमची बदली झाली. आमच्यावर बेतले ते फक्त बदलीवर निभावले. यानिनाला काय गमवावे लागेल, हे त्या रात्री दोघांनाही पुरते ठाऊक होते. त्या देशात नवरा फुटला की बायको-पोरांना शिक्षा होत असे. हे माहीत असून तिने ते म्हटले. म्हणून ‘वाऱ्यावर सोडून पळाला’ हे शब्द मला इतके झोंबले. तिला कोणी सोडून दिले नव्हते. निर्णय दोघांचा होता आणि त्यातला अवघड अर्धा तिच्या वाट्याला आला.

१८ फेब्रुवारी १९५४ च्या संध्याकाळी खोखलोवने फ्रँकफुर्टमध्ये ओकोलोविचच्या घराची घंटा वाजवली. दार त्याच माणसाने उघडले. खोखलोवने आपण मॉस्कोहून आल्याचे सांगितले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तुमच्या हत्येचा हुकूम दिला आहे, ते काम माझ्या गटाकडे आहे, असे तोंडावर सांगून टाकले. ते मी करणार नाही, हे सांगायलाच तो आला होता. ओकोलोविचने त्याला घरात घेतले. आपल्याला मारायला पाठवलेल्या अनोळखी माणसाला आत ये म्हणणे, हेही लहान धैर्य नव्हे.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त बोचतो. प्रकरण अमेरिकन गुप्तचरांकडे गेले. खोखलोवला आधी बायको-मुलगा सुखरूप हवे होते, गाजावाजा नको होता. अमेरिकनांना हवी होती जगासमोर साक्ष. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला शब्द मिळाला की तो पत्रकारांसमोर बोलत असतानाच मॉस्कोत अमेरिकन माणसे यानिनाच्या घरी जातील आणि तिला व मुलाला वकिलातीत आणतील. २२ एप्रिल १९५४ रोजी बॉनमध्ये त्याने पत्रकार परिषद घेतली. सिगारेटचे ते पाकीट जगाने पाहिले. माझ्या बायकोला आणि मुलाला वाचवा, अशी विनवणी त्याने तिथेच केली. मॉस्कोतल्या त्या घरी कोणी गेले नाही. यानिनाला अटक झाली आणि पाच वर्षांची हद्दपारी तिच्या माथी आली.

त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियात काय चालले होते पाहा. तिथल्या सोव्हिएत वकिलातीतला गुप्तचर व्लादिमिर पेत्रोव एप्रिलच्या सुरुवातीला फुटला होता. त्याची बायको येव्दोकिया हिला दोन धिप्पाड पहारेकरी सिडनीच्या विमानतळावर खेचत विमानाकडे नेत होते, तिच्या एका पायातला बूट वाटेतच निसटला होता, आणि ते छायाचित्र जगभर गेले. विमान डार्विनला उतरले तेव्हा ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनी त्या पहारेकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि तिला विचारले. तिने राहायचे ठरवले. ही २० एप्रिलची गोष्ट, म्हणजे बॉनच्या परिषदेच्या दोन दिवस आधीची. येव्दोकियाच्या भोवती कॅमेरे होते आणि विमान परक्या भूमीवर उतरले होते. यानिना मॉस्कोत एकटी होती. तिचा बळी दोन राज्यांनी घेतला, सोव्हिएत राज्याने शिक्षा देऊन आणि अमेरिकेने शब्द मोडून. यातला दुसरा भाग आपण सहसा लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

खोखलोवला मी निर्दोष ठरवत नाही. त्या खात्याचे अन्न त्याने बारा-तेरा वर्षे खाल्ले. अमेरिकनांच्या शब्दावर त्याने इतका भरवसा ठेवायला नको होता, असे मला दर वेळी वाटते, आणि दर वेळी असेही वाटते की त्याच्यापुढे दुसरा कोणता रस्ता होता? परत जाऊन काम झाले नाही म्हणून सांगितले असते, तर ओकोलोविचच्या दारात दुसरा कोणी उभा राहिला असता.

आणि वतनाचे म्हणाल, तर १९५७ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टला एका परिषदेत त्याने कॉफी घेतली आणि तो कोसळला. अंगावर काळे-तांबडे डाग उठले, केस हाताने ओढले की मूठभर निघत, रक्त नासले. डॉक्टरांना थॅलियमचे विष आढळले. अमेरिकन लष्करी रुग्णालयात पुन्हा पुन्हा रक्त देऊन त्याला वाचवले. त्यानंतरच्या छायाचित्रात पस्तिशीचा माणूस पार टकला दिसतो. २००६ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर लित्विनेन्को या माजी रशियन गुप्तचराला पोलोनियम हे किरणोत्सारी विष दिले गेले, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचे हेच प्रकरण अनेकांना आठवले. तोवर खोखलोव हयात होता.

आपल्या लेखात स्ताशिन्स्कीचाही उल्लेख आहे, पण दोघांना एकाच ओळीत बसवले आहे. फरक सांगायला हवा. बोगदान स्ताशिन्स्की या सोव्हिएत हस्तकाने म्युनिकमध्ये विषाची वाफ फवारणाऱ्या पिस्तुलाने दोन युक्रेनियन पुढाऱ्यांना खरोखर मारले, १९५७ मध्ये लेव रेबेतला आणि १९५९ मध्ये स्तेपान बांदेराला. मग त्याने आपल्या जर्मन बायकोला, इंगेला, सगळे सांगितले. या खात्यातून बाहेर पड म्हणून तीच त्याच्या मागे लागली. १२ ऑगस्ट १९६१ रोजी, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या आदल्या दिवशी, आपल्या तान्ह्या मुलाच्या अंत्यविधीलाही न थांबता दोघे पश्चिम बर्लिनमध्ये शिरली. जर्मन न्यायालयाने त्याला आठ वर्षे दिली आणि मुख्य गुन्हेगार हुकूम देणारे आहेत, हा साथीदार आहे, असे ठरवले. एकाने मारल्यावर कबुली दिली, दुसऱ्याने मारण्याआधी नकार दिला. दोघांच्याही घरात हे प्रकरण प्रथम बायकोसमोर आले, आणि दोघींनीही नवऱ्याला पाठीशी घातले नाही.

खोखलोव पुढे अमेरिकेत शिकला, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या विद्यापीठात अनेक वर्षे शिकवले. १९९२ मध्ये रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी त्याला माफी दिली आणि त्यानंतर तो मॉस्कोला जाऊन आला. २००७ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, तो वारला.

आपल्याकडे सोव्हिएत फुटिरांपैकी ओळखला जातो तो युरी बेझ्मेनोव. १९७० मध्ये दिल्लीतून हिप्पीच्या वेशात निसटलेला तो माणूस चित्रफितीतून सतत आपल्या मोबाइलवर येत असतो आणि जो तो त्याचे बोलणे आपल्या सोयीने दुसऱ्याच्या तोंडावर मारतो. त्याच्याबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. खोखलोवचे मात्र कोणी काही पुढे पाठवत नाही. शाळेत असताना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरे आम्ही वह्यांना घालत होतो. त्या चित्रांतल्या हसऱ्या आयांकडे पाहून तो देश मला फार आवडायचा, आणि तिथल्या माणसांवरची ती माया अजून आटलेली नाही. यानिना त्याच माणसांतली होती.

माझी विनंती साधी आहे. येत्या रविवारी पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापावी. सूर्याजी पिसाळाची उपमा मागे घ्यावी, ‘वाऱ्यावर सोडून’ हे शब्दही, आणि ‘बायको’ असे जिथे जिथे छापले आहे तिथे तिचे नाव घालावे. ते यानिना असे लिहितात.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
वाई, जि. सातारा